फूल की दोन पानं?

मंडळी, मागे एकदा गणेशोत्सव संपल्यावर आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीनं माझ्यावर एक काम सोपवलं. "तू आयटीवाला ना? मग लोकांना कार्यक्रम कसा वाटला, त्याचा एक फॉर्म बनव." आता कॉम्प्युटर इंजिनिअरला असं सांगणं म्हणजे सुगरणीला चहा टाकायला सांगण्यासारखंच! मी दहा प्रश्न काढले, फॉर्म छापले, जेवणाच्या रांगेत वाटले आणि रात्री घरी येऊन टक्केवारी काढली. निकाल झकास! जवळजवळ सगळ्यांना कार्यक्रम आवडला होता. पुढच्या वर्षी तोच साचा ठेवला, तर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या.

डोकं खाजवल्यावर लक्षात आलं. ज्यांना कार्यक्रम लांबला म्हणून कंटाळा आला होता, ज्यांची मुलं पेंगुळली होती, ज्यांना लांब अल खोरला परत जायचं होतं, ते सगळे जेवणाच्या रांगेपर्यंत थांबलेच नव्हते. मी प्रश्न विचारला तो फक्त थांबलेल्यांना. थांबलेले लोक खूषच असणार!

ही फजिती मी एका शुक्रवारी सकाळी शेजारच्या अंकलना सांगत होतो. आम्ही नजम्यात राहतो. इमारत जुनी, लिफ्ट लहरी, पण शेजार मात्र सोन्यासारखा. अंकल गोव्याचे, सासष्टीतले, साठीला आलेले. माझी गोष्ट ऐकून ते मनापासून हसले आणि म्हणाले, "ओपिनियन पोल तुम्ही आम्हाला शिकवू नका हां! खरा ओपिनियन पोल झाला तो आमच्या गोंयांत." मग माझं गाव सावंतवाडीजवळचं बांदा हे आठवून त्यांनी डोळे मिचकावले. "तुजो आजो फुलाचो आसतलो. म्हजो पाय दोन पानांचो!"

फूल आणि दोन पानं! लहानपणी आजोबांच्या तोंडून हे शब्द इतक्या वेळा ऐकले होते, की दोह्यात चहा पिताना ते पुन्हा कानावर पडल्यावर अंगावर काटाच आला. आजच्या तरुण पिढीला (म्हणजे माझ्याही पिढीला) ही गोष्ट फारशी ठाऊक नसते, म्हणून हा लेखनप्रपंच.

गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, हे आपण शाळेत शिकलो. पुढे काय झालं, हे मात्र पुस्तकात नसायचं. गोवा, दमण आणि दीव मिळून केंद्रशासित प्रदेश झाला आणि लगेच प्रश्न उभा राहिला, की आता गोव्याचं काय करायचं? संयुक्त महाराष्ट्र होऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं. गोव्यात मराठी शाळा, मराठी कीर्तनं, मराठी नाटकं. साहजिकच महाराष्ट्रात आणि गोव्यातही पुष्कळांना वाटत होतं, की गोवा महाराष्ट्रात यावा. उलट, गोव्याची भाषा कोंकणी, चारशे-साडेचारशे वर्षांचा इतिहास वेगळा, एवढ्या मोठ्या राज्यात गोवा म्हणजे एक कोपऱ्यातला जिल्हा होऊन बसेल, असं म्हणणारेही तितकेच ठाम होते. पंडित नेहरूंनी गोव्याचं वेगळेपण काही काळ जपू, असं आश्वासन दिलेलं होतं.

डिसेंबर १९६३ मध्ये गोव्यात विधानसभेची पहिली निवडणूक झाली. विलीनीकरणवाद्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष जिंकला आणि दयानंद बांदोडकर, म्हणजे सगळ्यांचे भाऊसाहेब, मुख्यमंत्री झाले. डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष १२ जागा घेऊन विरोधात बसला. देशभर राज्य करणाऱ्या काँग्रेसला तर गोव्याच्या भूमीवर एकही जागा मिळाली नाही.

आजोबांचा युक्तिवाद इथून सुरू व्हायचा. ते बांद्याला शाळामास्तर. म्हणायचे, "लोकांनी महाराष्ट्रवादी पक्षाला निवडून दिलं, म्हणजे कौल मिळाला. आणखी काय विचारायचंय?" १९६५ मध्ये गोव्याच्या विधानसभेनं विलीनीकरणाचा ठरावसुद्धा केला. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळानंही पाठिंबा दिला. कागदावर सगळं जुळलं होतं.

पण डॉ. सिक्वेरा आणि त्यांच्या बाजूचे लोक म्हणत होते, की निवडणूक वेगळी आणि हा प्रश्न वेगळा. मत देताना माणूस जात बघतो, जमीनदारावरचा राग बघतो, उमेदवार ओळखीचा आहे का ते बघतो. गोवा कायमचा कुठे जावा, हे त्याला कुणी सरळ विचारलंय का? गोव्यातले काँग्रेसचे नेते पुरुषोत्तम काकोडकर (आपले अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर यांचे वडील) यांनी दिल्लीत खटपट केली, की याचा निर्णय आमदारांनी नव्हे, थेट लोकांनी करावा. शेवटी इंदिरा गांधींच्या काळात, डिसेंबर १९६६ मध्ये, संसदेनं त्यासाठी खास कायदा केला. कायद्याच्या नावातच 'ओपिनियन पोल' हे शब्द होते. मतदान निःपक्षपाती व्हावं म्हणून बांदोडकरांचं मंत्रिमंडळ पायउतार झालं आणि राष्ट्रपती राजवट आली. तारीख ठरली १६ जानेवारी १९६७.

आता इथे एक गंमत बघा. 'ओपिनियन पोल' म्हटलं की आपल्याला आठवतो तो टीव्हीवरचा पोल. काही हजार लोकांना विचारायचं आणि कोट्यवधींचं मत सांगायचं. गोव्यातला पोल तसा नव्हता. तिथे प्रत्येक मतदाराला विचारलं होतं. खरं तर ते सार्वमतच. स्वतंत्र भारतात अशी सार्वमतं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच झाली. १९४८ चं जुनागढ आणि १९७५ चं सिक्कीम ही त्यातली दोन. पण तिथला प्रश्न भारतात येण्याचा होता. भारतात असताना कुठल्या राज्यात जायचं की नाही, हे मतपेटीतून विचारलं ते गोव्यात.

मराठी वृत्तपत्रांनी त्याला सुंदर नाव दिलं, जनमत कौल. आमच्या बाजूला, तळकोकणात आणि गोव्यातही, देवाला कौल लावायची पद्धत आहे. मूर्तीला किंवा पाषाणाला पाकळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो आणि सगळे श्वास रोखून बघत राहतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आणखी एक मौज म्हणजे 'कौल' हा शब्द मूळचा अरबी. अर्थ बोलणं, दिलेला शब्द. दोह्यात अरबीच्या शेजारी राहून आपण आपलाच शब्द विसरलेलो असतो!

लहानपणी आजोबांबरोबर देवळात गेलो की मला एक गोष्ट जाणवायची. कौलात सगळ्यात महत्त्वाचा असतो तो गुरव. कारण प्रश्न तो घालतो. "मुलाचं लग्न या घरात करू का?" आणि "मुलाचं लग्न या वर्षी करू का?" या दोन प्रश्नांना पाकळी एकच पडेल, पण अर्थ केवढा बदलेल!

गोव्याच्या कौलातही पाकळ्या दोनच होत्या. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर 'फूल', केंद्रशासित राहायचं असेल तर 'दोन पानं'. (दमण आणि दीवच्या लोकांना गुजरात की केंद्रशासित, असं विचारलं होतं.) गोव्याचं स्वतंत्र राज्य करा, असं म्हणणारे लोक होते, पण ती तिसरी पाकळी लावलेलीच नव्हती. आज कुठल्याही सर्वेक्षणाचा फॉर्म हातात आला की मी आधी हेच बघतो, कुठलं उत्तर यादीत नाही?

प्रचार तर असा रंगला, की अंकलना तो आईवडिलांकडून ऐकून पाठ झालाय. बाजू 'फुला'ची असो की 'पानां'ची, गावोगाव सभा, भिंतीवर चित्रं, उल्हास बुयांवची कोंकणी गाणी. 'फुला'च्या बाजूनं पणजीचा मराठी 'गोमन्तक' होता. आणि 'दोन पानां'च्या बाजूनं? तर मडगावहून निघणारा 'राष्ट्रमत'. तोही मराठी! संपादक चंद्रकांत केणी आणि 'ब्रह्मास्त्र' या सदरातून रोज तोफ डागणारे उदय भेंब्रे, दोघेही कोंकणीचे कैवारी. पण गोव्यातला हिंदू वाचक वर्तमानपत्र वाचत होता ते मराठीत. त्यामुळे महाराष्ट्रात जाऊ नका, हे पटवायला सुद्धा मराठीच लागली! हे मी आजोबांना सांगितलं असतं तर ते आधी रागावले असते आणि मग खूष झाले असते.

लोकांच्या मनात काय काय होतं? कुळांच्या आणि बहुजनांच्या मनात भाटकारशाहीचा राग होता, मराठीची ओढ होती. ख्रिस्ती समाजाला आपली भाषा आणि रीतीभाती बुडतील अशी धास्ती होती. सरकारी नोकऱ्या बाहेरचे घेतील ही भीती होती. आणि हसू नका, पण महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदीचा कायदा होता, हाही मुद्दा गोव्यात फार गंभीर होता!

आजोबा रोज सायकल मारत हद्दीपलीकडे पेडण्याला जायचे. त्यांची धाकटी बहीण तिथे दिलेली. तिच्या सासरच्या वाड्यावर, बाजारात, देवळाच्या आवारात ते लोकांना विचारायचे. सगळीकडे एकच उत्तर, फूल! आजोबांनी हिशेब करून टाकला. पेडणं फुलाचं, म्हणजे गोवा फुलाचा.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. आजोबांची चूक आणि माझी जेवणाच्या रांगेतली चूक, एकच! जगातली सगळ्यात गाजलेली अशी चूक १९३६ साली अमेरिकेत झाली. 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकानं अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे एक कोटी लोकांना पत्रं पाठवली. वीस लाखांहून जास्त उत्तरं आली. भाकीत केलं, की लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले! कारण पत्ते घेतले होते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारमालकांच्या नोंदीतून. मंदीच्या त्या दिवसांत फोन आणि मोटार कुणाकडे, तर सुखवस्तू घरांत. जॉर्ज गॅलप या माणसानं त्यापेक्षा कितीतरी कमी लोकांना, पण सगळ्या थरांतून निवडून विचारलं आणि विजेता बरोबर सांगितला. भातातलं एक शीत चेपून बघतात ना, तसंच. पण शीत चेपण्याआधी भात नीट ढवळलेला हवा. वरचंच शीत घेतलं तर खालचा भात करपलाय हे कळायचं कसं?

आजोबांनी ढवळलंच नव्हतं. उत्तरेकडच्या तालुक्यांत फुलाचा जोर होता हे खरं, पण दक्षिणेकडच्या सासष्टीत वारा उलटा होता. तिथे आजोबांची सायकल कधी पोचलीच नाही.

१६ जानेवारीला मतदान झालं. सुमारे ३ लाख ८८ हजार मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिलं, म्हणजे शंभरात जवळजवळ ब्याऐंशी. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. गोवा केंद्रशासित राहिला.

आजोबांनी त्या दिवशी जेवण घेतलं नाही, असं आजी सांगायची. पुढे आयुष्यभर ते म्हणत राहिले, की मराठीचा पराभव झाला, लोकांना फितवलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. आणि जिंकलं कोण? पुन्हा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, १६ जागा घेऊन! भाऊसाहेब परत मुख्यमंत्री झाले आणि १९७३ मध्ये निधन होईपर्यंत राहिले. ज्या पक्षाचा मुख्य मुद्दाच लोकांनी जानेवारीत नाकारला, त्याच पक्षाला मार्चमध्ये खुर्ची!

हे कसं काय? काही भाग निव्वळ गणिताचा आहे. निवडणुकीत मतं अनेक उमेदवारांत वाटली जातात, म्हणून निम्म्याहून कमी मतं मिळूनही जागा पदरात पडते. जागांचं बहुमत म्हणजे माणसांचं बहुमत नव्हे. आणि काही भाग माणसाच्या शहाणपणाचा असावा. गोव्यात आजही सांगतात, की भाऊसाहेबांच्याच काही मतदारांनी असा विचार केला, की महाराष्ट्रात गेलो तर आपली विधानसभा जाणार आणि आपला मुख्यमंत्रीही जाणार. मग भाऊसाहेबांना ठेवायचं असेल तर दोन पानंच बरी! खरं कारण मतपेटीला ठाऊक. मतपेटी आकडा सांगते, कारण सांगत नाही.

म्हणून मला वाटतं, आजोबांचं ते 'मराठीचा पराभव' काही खरं नव्हतं. मराठी हवी का, हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. विचारलं ते एवढंच, की महाराष्ट्रात जायचं का? लोकांनी तेवढ्याचंच उत्तर दिलं. १९८७ मध्ये गोवा राज्य झालं, कोंकणी राजभाषा झाली आणि त्याच कायद्यानं मराठीलाही सरकारी कामकाजात जागा ठेवली. मराठी वर्तमानपत्रं गोव्यात आजही निघतात. १९६३ च्या निवडणुकीवरून जो अर्थ आजोबांनी काढला, तो जास्तीचा होता. आणि १९६७ च्या कौलावरून काढला, तोही जास्तीचाच.

ही चूक मोठी मोठी माणसंही करतात. २००४ मध्ये मतचाचण्यांनी वाजपेयी सरकार परत येणार असं सांगितलं, ते आलं नाही. २०२४ च्या लोकसभेत बहुतेक एक्झिट पोल रालोआला साडेतीनशेच्या वर नेत होते, हाती आल्या २९३ जागा. आकडे चुकतात ते बहुधा बेरजेत नाही. कुणाला विचारलं आणि तो मोकळेपणानं बोलला का, इथे चुकतात.

शेवटी अंकलच्या वडिलांची गोष्ट सांगायलाच हवी. ते तेव्हा बहारीनला नोकरीला होते. बाहेर राहणाऱ्या गोवेकरांना टपालानं मत देऊ द्या, अशी मागणी युनायटेड गोवन्सनं केली होती. ती मान्य झाली नाही. त्यामुळे गोव्यासाठी जीव टाकणाऱ्या या माणसाला मत नव्हतं. अंकलच्या आईनं त्यांना पत्र लिहिलं होतं, की दोन पानांवर शिक्का मारून आले, तुमच्या वाट्याचा पण मीच मारला असं समजा. ते पत्र वडिलांनी शेवटपर्यंत पेटीत जपून ठेवलं होतं.

हे ऐकताना आपलीच गोष्ट ऐकतोय असं नाही वाटत? इथे कतारमध्ये आपण पाहुणे. २००३ मध्ये राज्यघटनेवर आणि २०२४ मध्ये तिच्यातल्या दुरुस्त्यांवर इथे सार्वमत झालं, ते अर्थातच नागरिकांचं. पण कतार विद्यापीठात २००८ पासून सर्वेक्षणाची एक संस्था आहे आणि ती आपल्यासारख्या परदेशी रहिवाशांनाही प्रश्न विचारते. उद्या फोन आला तर कंटाळा करून ठेवून देऊ नका. न बोलणारा माणूस हिशेबात येत नाही! आणि भारताचं म्हणाल, तर २०१० च्या दुरुस्तीनंतर आपल्याला मतदारयादीत नाव घालता येतं. मत द्यायला मात्र गावी, त्या केंद्रावर, स्वतः हजर राहावं लागतं. अंकलच्या वडिलांची मागणी अजून पुरी व्हायची आहे.

आणि आजोबा? त्यांनाही मत नव्हतंच, ते महाराष्ट्रातले! म्हणजे बघा, बहारीनमधला एक माणूस आणि बांद्यातला एक माणूस आयुष्यभर हा वाद मनात घोळवत राहिले आणि दोघांनाही मत नव्हतं. मत होतं ते दोन बायकांना. एक सासष्टीत, एक पेडण्यात.

अंकलशी बोलणं झाल्यावर मी त्या संध्याकाळी पेडण्याच्या आजीला फोन लावला. नव्वदीला टेकलीय, पण कान खणखणीत. विचारलं, "आजी, त्या वेळी तू फुलालाच मत दिलं होतंस ना?" आजोबांनी तिचं मत साठ वर्षांपूर्वी स्वतःच्या हिशेबात धरलं होतं. आम्ही सगळ्यांनीच धरलं होतं. तिला कुणी विचारलं मात्र नव्हतं.

पलीकडून आधी खोकल्याचा आवाज आला, मग हसण्याचा.

"अरे बाळा," आजी म्हणाली, "मत गुपित आसता मां?"

आणि तिनं फराळाला काय काय केलंय ते सांगायला सुरुवात केली.

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा! आणि हो, या वर्षी फॉर्म जेवणाच्या रांगेत नाही, दारातच वाटणार आहे. लवकर निघणाऱ्यांनी जरूर भरावा.